अष्टमीची होडी

माझ्या मुलाला मोठा मासा हवा होता. वर्षभर तो फोनवर वाकलेले रॉड आणि हातात न मावणारे मासे बघत होता. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जायचं ठरल्यावर त्याने एकच अट घातली. किल्ला नको, स्कूबा नको, होडी करून मासे पकडायला जायचं. तो पंधरा वर्षांचा. सोबत माझी भाची, तेरा वर्षांची, आणि मुलाचा वर्गमित्र, नुकतं सोळावं लागलेला. ह्या मित्राला पोहता येत नव्हतं. त्याच्या आईने मला फोनवर एवढंच विचारलं, "तुम्ही बरोबर असाल ना?" असेन म्हटलं. पण दुसऱ्याचं पोर आपल्या भरवशावर समुद्रात न्यायचं म्हणजे काय, ते फोन ठेवल्यावर कळलं.

माझं आजोळ आचऱ्याचं. लहानपणी सुट्टीत आम्ही रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं, ओढायला हात लावायचो आणि वाट्याला आलेले चार बांगडे परकराच्या ओच्यातून घरी न्यायचो. मालवणी कळते, बोलायला मात्र जीभ तितकीशी वळत नाही. एवढी ओळख असूनही होडी निवडायची वेळ आली तेव्हा मी कोरीच होते. किनाऱ्यावरचा समुद्र वेगळा आणि होडीतला वेगळा. मे २०२२मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, ती बातमी डोक्यातून जात नव्हती.

पुण्यातूनच पाच-सहा ठिकाणी फोन केले. पहिल्या माणसाने दर सांगितला आणि लगेच म्हणाला, "मासा मिळणारच, गॅरंटी." त्याच्या बोटीत वीस माणसं, गाणी, डॉल्फिन बघणं, त्सुनामी बेटावर थांबा आणि त्यातच तासभर गळ. मुलांना मजा आली असती ह्यात शंका नाही. पण वीस माणसांत गळ किती, हे विचारल्यावर उत्तर आलं, "आमची माणसं पकडतात, तुम्ही फोटो काढा." दुसऱ्याने किल्ल्याच्या तटाजवळच मासे लागतात, तिथेच नेतो म्हणून सांगितलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. सगळं मिळून एकोणतीस चौरस किलोमीटर, त्यातला किल्ल्याजवळचा भाग गाभ्याचा. जो माणूस पोरांना पहिल्याच दिवशी तिथे गळ टाकायला नेतो, तो समुद्राबद्दल त्यांना काय शिकवणार? तो फोन मी तिथेच संपवला.

तिसरा माणूस खरा जाणकार होता. रॉड, रीळ, दोन इंजिनांची बोट, निवती रॉकच्या दीपगृहाकडे दिवसभराची फेरी. मुलाने ह्याच्याच बोटीचे व्हिडिओ पाहिले होते. त्याने वयं विचारली आणि सरळ सांगितलं, "मॅडम, सात-आठ तास ऊन आणि लाट. जड रॉड तिघांतला एकच पेलेल. बाकीचे दोघं बसून राहतील, नाहीतर आडवे होतील. दोन वर्षांनी आणा." त्याच्या धंद्याचं नुकसान करून तो हे बोलला, म्हणून त्याचा नंबर मी जपून ठेवला आहे. मुलगा मात्र दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

बोटीत शौचालय असतं का, हे फोनवर विचारणारी बहुधा मी एकटीच असेन. नसतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला घेऊन जाताना हा प्रश्न बाकी कशाहीपेक्षा आधी विचारावा. भर समुद्रात ती कोणाला सांगणार नाही, पाणी प्यायचं टाळेल आणि दुपारपर्यंत उन्हाने गळून जाईल. चार तासांहून मोठी फेरी मी ह्याच एका कारणासाठी बाजूला काढली.

देवबागच्या ज्या घरी आम्ही उतरणार होतो, त्या घरच्या वहिनींनी शेवटी एका तांडेलांचा, म्हणजे होडी चालवणाऱ्यांचा, नंबर दिला. गाबीत समाजातले, साठीच्या आसपासचे, जन्म होडीत गेलेला. त्यांना फोन केला तर माझ्याआधी तेच प्रश्न विचारायला लागले. पोरं किती वर्षांची? पोहायला येतं का? गाडीत उलटी होते का कोणाला? आणि मग, "पाडव्याक येव नकात. उधाण आसा. अष्टमीक येवा."

मी म्हटलं, काका, आमची सुट्टी पाडव्याची धरलेली आहे. ते शांतपणे म्हणाले, "सुट्टी तुमची, भरती दर्याची."

आजोबांचा हिशोब मला तेव्हा आठवला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता पूर्ण भरती. मुंबई-अलिबागकडे हा हिशोब बराच जुळतो. मालवणात भरती त्याहून थोडी आधी लागते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि त्याला ओढ असते. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी मंद. पाडव्याला कर्ली नदी समुद्राला मिळते त्या संगमावर लाट उभी राहते, हे एक. दुसरं मला माहीत नव्हतं, ते तांडेलांनी सांगितलं. पाण्याला ओढ असली की शिसं तळाला ठरत नाही, गळाचा दोर, म्हणजे तंगूस, तिरका वाहत जातो आणि नवख्या हाताला माशाची ओढ कुठली, पाण्याची कुठली हे कळतच नाही. भांगाला दोर सरळ खाली जातो. पोरांना बोटाला मासा कळायला हवा असेल तर अष्टमी.

मासा मिळेल का, हे विचारायचं मी विसरले नव्हते. "मासो गावतलोच, असा मी सांगूचंय नाय," ते म्हणाले. रजा पुढे ढकलली.

फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण करत आम्ही षष्ठीच्या संध्याकाळी देवबागला पोचलो. देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली, मध्ये माडांची एक चिंचोळी पट्टी. रात्री झोपलं की दोन्हीकडून पाण्याचा आवाज येतो, एकीकडून गाजेचा आणि दुसरीकडून होड्यांच्या पोटाला लागणाऱ्या पाण्याचा. भाची अंगणात उभी राहून कितीतरी वेळ ते दोन आवाज वेगळे करत होती.

सप्तमीला मी तिघांना घेऊन होडी बघायला गेले. होडी बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असं माझं ठाम मत आहे. फायबरची होडी, बाहेरून लावलेलं एक इंजिन, शिवाय आत आडवी बांधलेली दोन वल्ही. प्रवासी नेण्याचा परवाना मेरीटाइम बोर्डाच्या बंदर कार्यालयातून मिळतो. मासेमारीच्या होडीला तो आपोआप लागू होत नाही. काकांनी परवाना प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला, मागायच्या आधीच. फोनवरच्या एका बोटवाल्याने ह्याच प्रश्नावर "इथे कोण बघतंय" म्हटलं होतं.

मग जॅकेटं. मुलांना ती दुसऱ्या दिवशी अंगावर चढवायची होती, काकांनी त्याच दिवशी चढवायला लावली. माझ्या भाचीला घातलेलं जॅकेट खांद्याजवळ दोन्ही हातांनी धरून त्यांनी वर ओढलं. ते थेट तिच्या कानापर्यंत आलं. "ह्या पाण्यात गेला तर जाकीट वर, चेडू खाली," म्हणाले आणि आतून लहान मापाचं आणलं. पुन्हा ओढून पाहिलं, ते हललं नाही. न पोहणाऱ्या मुलाची बक्कलं त्यांनी स्वतः लावली नाहीत. त्याच्याकडूनच चार वेळा लावून आणि सोडवून घेतली, शेवटची दोन वेळा डोळे मिटून. तो मुलगा पुण्याहून निघाल्यापासून गप्प होता. चौथ्या वेळी बक्कल खट्कन बसलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं.

रात्री मी इन्कॉइसचा लाटांचा अंदाज पाहिला. हैदराबादची ही सरकारी संस्था किनाऱ्याकिनाऱ्याचा अंदाज रोज देते. पाऊस संपला की समुद्र शांत, असं आपण धरून चालतो. पण २०१९मध्ये ऐन दिवाळीत क्यार चक्रीवादळ ह्याच किनाऱ्यासमोरून गेलं होतं. अंदाज चांगला होता. उलटीची गोळी रात्रीच दिली. "रिकाम्या पोटान येव नकात," असा निरोप होता, म्हणून पहाटे साडेचारला वहिनींनी तिघांना भाकरी आणि गूळ खायला लावला.

साडेपाचला अंधारातच निघालो. भरती नुकतीच भरून थांबली होती आणि संगमावर पाणी तेलासारखं पडलेलं होतं. जमिनीकडून मतलई वाहत होती, गार, ओल्या पानांचा आणि चुलीच्या धुराचा वास असलेली. डावीकडे भोगवे, पुढे निवतीच्या किल्ल्याचा डोंगर काळा. फार लांबवर निवती रॉकचं दीपगृह मिचमिचत होतं. मुलगा तिकडे बघत राहिला. मला ठाऊक होतं त्याच्या मनात काय आहे, आणि मी काही बोलले नाही.

अर्ध्या-पाऊण तासाने काकांनी इंजिन मंद केलं. त्यांच्याजवळ जीपीएस होतं, पण ते किनाऱ्याकडे बघत होते. डोंगराचा एक खांदा आणि त्याच्या अलीकडचा एक उंच माड एका रेषेत आले, दुसऱ्या बाजूला आणखी दोन खुणा जुळल्या, तिथे नांगर टाकला. खाली खडक होता. पाण्यावरून काहीच दिसत नव्हतं.

"हय दहा वाव पाणी," काका म्हणाले. वाव म्हणजे किती, असं भाचीने विचारल्यावर त्यांनी दोन्ही हात पसरले. मग तिला हात पसरायला लावले आणि म्हणाले, तुझे तेरा. तिने खरोखरच तंगूस मोजून सोडला, एकेक हात पसरून. तेरावर शिसं तळाला टेकलं आणि दोर सैल पडला. ती इतकी हरखली की मासा लागला असंच आम्हाला वाटलं.

रॉड नव्हतेच. लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, टोकाला शिसं, वर दोन गऱ्या आणि गरीला माकुलाची बोटभर लांब पट्टी. तंगूस तर्जनीवरून सोडायचा आणि अंगठ्याने हलकेच धरायचा. बोटाला गुंडाळायचा नाही, हे काकांनी तीनदा सांगितलं. मोठ्या माशाने ओढलं तर तंगूस बोट कापतो. त्यांनी स्वतःची करंगळी दाखवली, तिच्या मधल्या पेरावर पांढरी गोल रेघ होती. त्यानंतर कोणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

पहिला अर्धा तास काहीच नाही. फोन तिघांचेही कोरड्या पिशवीत बांधून ठेवले होते. घरी पाच मिनिटं फोनशिवाय न बसणारी ही मुलं बोटाच्या टोकाकडे लक्ष लावून बसली होती. काका सांगत होते, शिसं तळाला टेकलं की वीतभर वर घ्या, टिचकी लागली तरी लगेच हिसका देऊ नका, दुसऱ्या ओढीला द्या. मग भाचीचं बोट हललं.

वर आला तो केंड. पाण्याबाहेर येताच त्याने अंग फुगवून चेंडू केला, पांढरं पोट ताणलेलं, तोंडात सशासारखे पुढचे दात. गरीच्या वरचा तंगूस त्या दातांनी जवळजवळ तोडला होता. "केंड तो. खाव नये," काका म्हणाले. विषारी असतो. त्यांनी चिमट्याने गरी सोडवली आणि त्याला पाण्यात सोडलं. तो फुगलेलाच थोडा वेळ उलटा तरंगला, मग एकदम वारा सोडून खाली गेला. भाचीला आपला पहिला मासा खाता येणार नाही ह्याचं वाईट वाटलं नाही. तिला तो पुन्हा बघायचा होता.

त्यानंतर राणे लागायला लागले. गुलाबी, अंगावर पिवळसर रेघा, मोठ्या डोळ्यांचे. मित्राला सलग तीन मिळाले. मुलाला एक शिंगाळा लागला आणि तो आनंदाने हात पुढे करणार तेवढ्यात काकांनी त्याचं मनगट धरलं. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि कल्ल्यांमागे दोन काटे असतात, लागले तर हात तासन्‌तास ठणकतो. काकांनी पक्कडीने तीनही काटे मोडले आणि मग मासा त्याच्या हातात दिला. मुलाचं मनगट त्यांनी ज्या वेगाने धरलं, तो वेग मी अजून विसरलेले नाही. मी पुण्यात बसून केलेल्या सगळ्या चौकशीतून मला हवं होतं ते नेमकं हेच होतं, पोरांच्या हातांवर लक्ष असलेला माणूस.

सात वाजून गेल्यावर मुलाचा तंगूस असा ओढला गेला की तो गुडघ्यावर आला. दोन-तीन वाव सोडायचे, चार घ्यायचे, पुन्हा सोडायचे. काका शेजारी बसून होते, हात मात्र लावला नाही. घामाने त्याच्या भुवया ओल्या झाल्या. वर आला गोबरा, तपकिरी, ठिपक्यांचा, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा. फोनवर बघितलेल्या माशांच्या मानाने तो काहीच नव्हता. मुलगा मात्र त्याच्याकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "आई, ह्याला दुखलं असेल ना?"

मला उत्तर सुचलं नाही. काकांनी दिलं. "दुखता. म्हणान लागता तितकेच काढूचे." मग त्यांनी विचारलं, हा खाणार की सोडणार? खाणार असलास तर आत्ता मारायचा, तडफडत ठेवायचा नाही. तिघं एकमेकांकडे बघत राहिले. खायचा असं ठरलं. काकांनी लाकडी दांड्याने डोक्यावर एकच घाव घातला. भाचीने तोंड फिरवलं, पण लगेच पुन्हा वळवलं.

त्यानंतर मित्राला मिळालेला वितीपेक्षा लहान राणा त्याने स्वतःहून परत सोडला. "हात ओले कर, मगे धर," एवढंच काका म्हणाले. कोरड्या हाताला माशाच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो आणि सोडलेला मासा पुढे जगेलच असं नाही. महाराष्ट्र सरकारने २०२३मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासे पकडायला मनाई केली. काकांना त्या यादीची माहिती होती. आमच्या बाजूला एलईडी दिवे लावून रात्री समुद्र खरवडतात त्यांना ती कोण दाखवणार, असं ते फार कळवळून म्हणाले. ही तक्रार मालवणच्या किनाऱ्यावर प्रत्येक पारंपरिक मच्छीमाराकडून ऐकू येते, आणि ती खरी आहे.

साडेआठला मासे चांगलेच लागत होते. त्याच वेळी काकांनी मान वर केली. मला काही कळलं नाही. होडीचं तोंड नांगरावर हळूहळू फिरत होतं, आतापर्यंत किनाऱ्याकडे होतं ते वायव्येकडे वळत होतं. मतलई पडली होती आणि खारा वारा रोजच्यापेक्षा दीड तास आधी सुरू झाला होता. पाण्यावर बारीक चुरचुर उठली.

"गुंडाळा. वारो फिरलो."

मुलगा जवळजवळ रडकुंडीला आला. अजून एक तास आहे, मासा लागतोय, पैसे चार तासांचे दिलेत. हे सगळं तो बोलला, आणि मला ते आवडलं नाही तरी समजत होतं. काका त्याला रागावले नाहीत. बाकी दोघांना तंगूस गुंडाळायला लावून त्याला नांगराच्या दोराशी नेलं आणि दोर हातात दिला. "वड." त्याने ओढला. वाऱ्याने होडी मागे रेटली जात होती, दोर जागचा हलेना. मग दोघांनी मिळून नांगर काढला. "आणि एका तासान ह्योच दोर दुप्पट जड," काका म्हणाले. "संगमार तर इचारू नको."

परत येताना समोरून आणि कडेने पाणी अंगावर येत होतं. न पोहणारा मित्र काकांच्या पायाशी बसला होता, एक हात बक्कलावर. संगमावर दोन लाटा मागून आल्या, होडीचा मागचा भाग उचलला गेला, काकांनी इंजिन कमी केलं, लाट पुढे जाऊ दिली आणि तिच्या पाठीवरून आत शिरले. आत नदीचं पाणी सपाट, जणू काही झालंच नाही. मागे वळून पाहिलं तर वीस माणसांची ती बोट गाणी वाजवत बाहेर चालली होती. ती सुखरूप परत आली, हे मी संध्याकाळी मुद्दाम विचारून घेतलं.

काकांनी एका तासाचे पैसे परत द्यायला काढले. मी घेतले नाहीत.

वहिनींनी राण्यांचं तिरफळ घातलेलं तिखलं केलं आणि गोबऱ्याची कढी. मुलगा जेवताना गप्प होता, पण हा पुण्यातला अबोला नव्हता. गोबऱ्याचं डोकं त्याने मित्राच्या पानात वाढलं. दुपारी मला डोळा लागला. जाग आली तेव्हा तिघंही घरात नव्हते. बाहेर बघितलं तर काका नदीकाठी जाळं शिवत बसले होते आणि हे तिघं त्यांच्यासमोर वाळूत.

ते अंधार पडल्यावर परत आले. मित्राच्या तळव्यावर पेनाने आकडे लिहिले होते. वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय लटकत होतं. भाचीने विचारून ते खाली उतरवलं, पण दिवाळीनंतर त्यात दोनच पानं उरली होती. तेव्हा मुलाने माझा फोन मागून घेतला आणि त्यात पुढच्या वर्षीचं पंचांग उघडलं. २६ मेपासून प्रवासी होड्या बंद होतात, तो म्हणाला, आणि त्याआधी पंधरा दिवस काकाच नेत नाहीत. मग परीक्षा संपल्यावर लगेच. चैत्र वद्य अष्टमी.

"आठ गुणिले पाऊण सहा," भाची म्हणाली. "मालवणात त्याच्या आधी. म्हणजे पाचला भरती भरते."

"तेव्हा मला पोहता येत असेल," मित्र म्हणाला, आणि तारखेखाली बोट ठेवून त्याने ती मोठ्याने वाचली.